अस्वलाशी वैर कशाला?

(जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांची आणि वन्यप्राण्यांची गाठ नेहमी पडते. त्यातून कधी माणूस जखमी होतो, कधी प्राणी मारला जातो. हा झगडा शिकार न करता कमी करता येईल का? प्रस्तुत पाठात अस्वलाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार केला आहे.)

माजलगाव तालुक्यात लवूळ नावाचे गाव आहे. २०२१ च्या अखेरीस या गावाचे नाव एकाएकी देशभर झाले. गावात शिरलेली वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेत होती. उंचावरून पडून किंवा उपासमारीने पिल्ले मरत होती. किती पिल्ले मेली, याचे आकडे वेगवेगळे होते. कोणी ८० सांगे, कोणी २५०. ‘वानरे कुत्र्यांवर सूड उगवत आहेत’ अशी बातमी दूरवर पोहोचली. मुलांना शाळेत पाठवताना पालकांना धास्ती वाटू लागली. अखेर डिसेंबर महिन्यात नागपूरहून वनविभागाचे पथक आले. त्याने दोन वानरे पकडली आणि जंगलात सोडण्यासाठी नागपूरकडे नेली. कोणालाही बंदूक उचलावी लागली नाही.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट, भीती वाटली की आपण प्राण्यांना माणसांचे विचार चिकटवतो. सूड, वैर, कपट हे शब्द माणसांचे आहेत. जनावर भूक, भीती आणि पिल्लांची काळजी यांच्यामागे चालते. दुसरी गोष्ट, जाणकार माणसांना वेळेवर बोलावले, तर जीव न घेताही मार्ग निघतो.

पण वानर हा तसा लहान प्राणी. जो प्राणी एका फटक्यात माणसाचा चेहरा फाडू शकतो, त्याचे काय? असा एक प्राणी म्हणजे अस्वल. उर्दूत त्याला रीछ किंवा भालू म्हणतात. माजलगावच्या शिवारात अस्वल राहत नाही. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. मेळघाट, ताडोबा, नागझिरा आणि गडचिरोली येथील जंगलांतही अस्वले आहेत. तेथील गावकऱ्यांना अस्वलाच्या भीतीचा अनुभव दरवर्षी येतो.

अस्वलाचे अंग लांब काळ्या केसांनी झाकलेले असते. छातीवर पांढरट पट्टा असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १०० किलोंहून अधिक असू शकते. त्याची नखे माणसाच्या बोटाएवढी लांब असतात. ही नखे पाहून वाटते, की हा प्राणी मोठा शिकारी असावा. खरे तर ती वारूळ उकरण्यासाठी असतात. वाळवी आणि मुंग्या हे अस्वलाचे आवडते खाणे. वारूळ फोडायचे, नाकपुड्या मिटून घ्यायच्या आणि तोंडाने वाळवी जोराने ओढून घ्यायची, अशी त्याची रीत आहे. यासाठी निसर्गाने त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दातच काढून घेतले आहेत. त्या फटीतून वाळवी सरळ तोंडात जाते. याशिवाय मध, जांभळे, बोरे, उंबरे, टेंभरे, बहाव्याच्या शेंगा आणि मोहाची फुले तो आवडीने खातो. माणूस हे अस्वलाचे भक्ष्य नाही.

मग अस्वल माणसावर हल्ला का करते? त्याचे नाक फार तीक्ष्ण असते, पण नजर मात्र मंद असते. खाण्यात ते गुंग झाले, की जवळ आलेला माणूस त्याच्या लक्षात येत नाही. माणूस अगदी समोर आला, की ते दचकते. ज्या जंगलात वाघ आहे, त्या जंगलात अस्वलाची जात वाढली. जड अंगामुळे त्याला हरणासारखे पळता येत नाही. म्हणून दचकलेले अस्वल आधी अंगावर धावून जाते. मागच्या पायांवर उभे राहून ते पंजा मारते, आणि तो बहुधा डोक्यावर किंवा चेहऱ्यावर बसतो. मादीबरोबर पिल्ले असतील, तर ती अधिकच आक्रमक होते. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. पिल्ले दोन-तीन वर्षे तिच्याजवळ राहतात.

हा धोका लहान नाही. छत्तीसगडमधील उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात अस्वलांनी १३७ हल्ले केले. त्यांत ११ माणसे दगावली. जे वाचले, त्यांतल्या कित्येकांना जन्मभराचे व्यंग आले असेल. हे लोक हौसेने जंगलात गेले नव्हते. कोणी सरपण आणायला गेला होता, कोणी गुरे चारायला, कोणी मोह वेचायला. ज्याच्या घरची चूल जंगलावर चालते, त्याला ‘जंगलात जाऊ नकोस’ असे सांगणे सोपे आहे. पण ते सांगून त्याचे पोट भरत नाही. म्हणून अस्वलाला वाचवायचे असेल, तर आधी माणसाची अडचण समजून घेतली पाहिजे.

काही लोक म्हणतील, ‘एवढे कशाला? अस्वलाला मारून टाकावे, म्हणजे प्रश्न मिटेल.’ पण प्रश्न असा मिटत नाही. एक अस्वल मारले, तरी ओढ्यातले पाणी, मोहाचे झाड आणि शेतातला मका तेथेच राहतात. त्यांच्या ओढीने दुसरे अस्वल येते. गोळी नीट न लागता अस्वल जखमी झाले, तर ते पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक होते. शिवाय अस्वल फळे खाते आणि दूर जाऊन विष्ठा टाकते. त्यातल्या बियांतून जांभूळ, बोर, बहावा यांची नवी झाडे उगवतात. अस्वल मारणे म्हणजे जंगलाचा माळी मारणे होय. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. त्याची शिकार करणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो.

‘मारू नका, पण पकडून लांब सोडा,’ असेही कोणी सुचवील. हा उपायही विचार करूनच वापरावा लागतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात याचा अनुभव आला. तेथे बिबटे उसाच्या शेतात राहतात. २००१ पासून दोन-तीन वर्षे तेथील अनेक बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. अभ्यासकांनी आकडे तपासले, तेव्हा उलटेच दिसले. माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ पर्यंत वाढले. अनोळखी जागी सोडलेला प्राणी गोंधळतो, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी नवा प्राणी येतो. तेव्हा प्राणी हलवण्याआधी तो गावाजवळ का येतो, हे शोधणे अधिक शहाणपणाचे आहे.

अस्वल गावाजवळ येते, त्याची कारणे बहुधा साधी असतात. पहिले कारण पाणी. उन्हाळ्यात जंगलातले झरे आटतात. तहानलेले प्राणी विहिरी आणि पाटांकडे वळतात. म्हणून वनविभाग जंगलात पाणवठे तयार करतो आणि टंचाईच्या दिवसांत ते टँकरने भरतो. जंगलात पाणी मिळाले, तर अस्वलाला गावाकडे यावे लागत नाही.

दुसरे कारण मोह. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला माणसे अंधारातच निघतात आणि त्याच वेळी अस्वलही त्याच झाडाखाली येते. दोघांची भूक एक, झाड एक आणि वेळही एक. मग टक्कर होणारच. काही ठिकाणी लोक आता झाडाखाली जाळी बांधतात. फुले जाळीत पडतात, मातीत मळत नाहीत आणि उजाडल्यावर निवांत गोळा करता येतात. फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याचीही गरज उरत नाही. त्यामुळे वणवा टळतो. एका साध्या जाळीने तीन कामे होतात.

तिसरे कारण कचरा. राजस्थानात अबूच्या पहाडावर हॉटेलांच्या उष्ट्यासाठी अस्वले रस्त्यावर येऊ लागली. अमेरिकेतही काळ्या अस्वलांची हीच सवय आहे. तेथील कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो नावाचे शहर आहे. या शहराच्या दोन भागांत अस्वलाला उघडता येणार नाहीत असे हजारांहून अधिक कचऱ्याचे डबे वाटण्यात आले. २०१८ मध्ये या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डबे वाटलेल्या भागांत कचऱ्यावरून होणारे प्रकार ६० टक्क्यांनी कमी होते. फक्त झाकणे बदलली आणि भांडण कमी झाले! आपल्याकडे महागडे डबे नसले, तरी उष्टे-खरकटे गावाच्या कडेला न टाकणे तर आपल्या हाती आहे.

चौथे कारण अंधार. पहाटे आणि तिन्हीसांजेला अस्वल हिंडते. याच वेळी उघड्यावर शौचाला जाणारा किंवा पिकाला पाणी द्यायला निघालेला माणूस त्याच्यासमोर येतो. महाराष्ट्रात २०१५ मध्ये जन-वन विकास योजना सुरू झाली. व्याघ्रप्रकल्प आणि अभयारण्यांजवळच्या गावांसाठी ही योजना आहे. तिच्यात स्वयंपाकाचा गॅस आणि शौचालय यांसाठी मदत मिळते. घरात गॅस आला, की सरपणाच्या फेऱ्या कमी होतात. घरात शौचालय झाले, की अंधारात बाहेर जावे लागत नाही. वरवर पाहता या गोष्टींचा अस्वलाशी काही संबंध दिसत नाही. पण माणसाच्या सोयी वाढल्या, की अस्वलाचाही जीव वाचतो, तो असा.

येथे दरवेशांची आठवण होते. पूर्वी गावोगाव दरवेशी अस्वल घेऊन येत. उत्तरेकडे हाच धंदा कलंदर जमातीचे लोक करीत. डमरू वाजे, अस्वल नाचे आणि मुले टाळ्या पिटत. त्या नाचामागचे दुःख मुलांना कळत नसे. पिल्लू असतानाच अस्वलाला आईपासून तोडून आणलेले असे आणि त्याच्या नाकात दोर ओवलेला असे. कायद्याने बंदी आली, तरी हा खेळ लगेच थांबला नाही. कारण तोच त्या कुटुंबांचा चरितार्थ होता. पुढे एका संस्थेने सरकारच्या मदतीने अस्वले सोडवली आणि कलंदरांना दुसरे उद्योग मिळवून दिले. त्यांची मुले शाळेत जाऊ लागली. २००९ मध्ये नाचणारे शेवटचे अस्वल सुटले. सोडवलेली सहाशेंहून अधिक अस्वले आग्रा येथील आणि इतर केंद्रांत सांभाळली गेली. नुसत्या कायद्याने जे झाले नाही, ते भाकरीची सोय झाल्यावर झाले.

एवढे करूनही कधी ना कधी अस्वल समोर येतेच. त्यासाठी खबरदारी घ्यावी. जंगलात एकट्याने जाऊ नये. चालताना बोलावे, टाळ्या वाजवाव्यात किंवा घुंगरू बांधलेली काठी आपटावी. आवाज ऐकला, की अस्वल बहुधा स्वतःच वाट सोडते. अस्वल दिसले, तर दगड मारू नये, पाठ फिरवून पळू नये. हळूहळू मागे सरकावे. अस्वल पळण्यात आणि झाडावर चढण्यातही माणसाला हार जात नाही. ते अंगावर आलेच, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी. म्हणजे चेहरा आणि गळा वाचतो. पिल्ले दिसली, तर त्यांच्याजवळ कधीही जाऊ नये; आई जवळच असते. अस्वल गावात शिरले, तर गर्दी करू नये आणि त्याची वाट अडवू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. शेताभोवतीच्या तारेत घरातली वीज तर मुळीच सोडू नये. त्या तारेला अस्वल चिकटते आणि शेजारचे पोरही चिकटते.

ज्याचे नुकसान झाले, त्याला वेळेवर मदत मिळणे हाही एक उपायच आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला, तर त्याच्या वारसांना महाराष्ट्र शासन आर्थिक साहाय्य देते. २०२३ मध्ये ही रक्कम २५ लाख रुपये करण्यात आली. जखमींना आणि पिकांच्या नुकसानीसाठीही मदत मिळते. पैशाने गेलेले माणूस परत येत नाही. पण ‘आपल्याला कोणी वाली नाही’ असे गावाला वाटू लागले, की हात कुऱ्हाडीकडे जातात. मदत लवकर आली, तर तो राग शमतो.

कधी कधी सर्व उपाय थकतात, हेही खरे. आपल्याच बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात नोव्हेंबर २०२० मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात माणसे मृत्युमुखी पडली. पिंजरे लावूनही तो सापडला नाही. पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातही त्याने बळी घेतले. शेवटी डिसेंबरमध्ये त्याला गोळी घालावी लागली. कायद्यात अशा प्रसंगासाठी तरतूद आहे. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आणि त्याला पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसले, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. मात्र हा अगदी शेवटचा उपाय आहे.

बीड जिल्ह्याला हा विषय परका नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील हजारो मजूर ऊसतोडीला बाहेर पडतात. माजलगावातूनही कुटुंबेच्या कुटुंबे जातात. उसाच्या फडाजवळ कोपी बांधून ती राहतात, आणि त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. ऊस तोडताना पिल्ले सापडतात. अशा वेळी जुन्नर भागात एक चांगली पद्धत पडली आहे. मजूर काम थांबवून वनविभागाला कळवतात. पिल्ले तपासून त्याच जागी सुरक्षित ठेवली जातात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्ले हिरावली गेली, तर तीच मादी चवताळून कोपीभोवती फिरली असती. पिल्ले परत मिळाली, की तिचाही राग जातो आणि कोपीतली मुलेही निर्धास्त झोपतात.

२०२२ पासून १२ ऑक्टोबर हा दिवस जागतिक अस्वल दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडच्या या काळ्या, लांब केसांच्या अस्वलासाठीच तो आहे. त्या दिवशी भाषणे होतील, चित्रे काढली जातील. पण अस्वलाचे भवितव्य ठरते ते मोहाच्या झाडाखाली, पाणवठ्यावर आणि गावाच्या उकिरड्यावर. पहाटेची वेळ अस्वलाला द्यावी आणि उजेडाची वेळ माणसाने घ्यावी. एवढा समजूतदारपणा माणसालाच दाखवावा लागेल. कारण दोघांपैकी विचार करण्याची शक्ती त्याच्याकडे आहे.

शब्दार्थ

धास्ती – भीती
शिवार – गावाभोवतालची शेतजमीन
भक्ष्य – खाण्यासाठी मारलेला प्राणी
व्यंग – शरीरातील कायमचा दोष
सरपण – जाळण्यासाठी गोळा केलेली लाकडे
पाणवठा – पाणी पिण्याची किंवा भरण्याची जागा
वणवा – जंगलात लागलेली आग
तिन्हीसांज – संध्याकाळची वेळ
चरितार्थ – पोट भरण्याचे साधन
वाली – पाठीराखा, रक्षण करणारा
फड – तोडणीला आलेला उसाचा मळा
कोपी – मजुरांची पाचटाची झोपडी
चवताळणे – रागाने बेभान होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लवूळ गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) अस्वलाची लांब नखे कशासाठी असतात?
(इ) अस्वल गावात शिरल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावा?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अस्वल मारल्याने प्रश्न का मिटत नाही?
(आ) मोहाच्या झाडाखाली जाळी बांधल्याने कोणती तीन कामे होतात?
(इ) ‘नुसत्या कायद्याने जे झाले नाही, ते भाकरीची सोय झाल्यावर झाले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
सूड उगवणे, हार न जाणे, राग शमणे.

प्र. ४. शिकार, नुकसान, खबरदारी, कायदा, मजूर हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या गावात वानर, रानडुक्कर किंवा बिबट्या यांचा त्रास होतो का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. तो प्राणी गावात कशासाठी येतो, याचा शोध घ्या आणि त्यावर दहा ओळी लिहा.